कुक्षी बंदराचे सल्लागार

कुक्षीला समुद्र नाही, याचं कुक्षीत कधी कुणाला वाईट वाटलेलं नाही. रेल्वेही नाही. २००८ साली पंतप्रधानांनी झाबुआला येऊन छोटा उदेपूर-धार मार्गाचा पाया घातला, तेव्हापासून आम्ही गाडीची वाट बघतो आहोत. आता तर त्याची इतकी सवय जडली आहे की गाडी खरोखरच आली, तर संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायचं काय, असा प्रश्न पडेल. अशा गावात एक दिवस बातमी आली की रेल्वेच्या आधी जहाज येणार. सरदार सरोवराचं पाणी मागे पसरत पसरत आमच्या तहसिलीत आलेलंच आहे, तेव्हा मेघनाद घाटावरून थेट स्टॅच्यू ऑफ युनिटीपर्यंत क्रूझ सोडायची, अशी घोषणा झाली. (२०१९च्या सप्टेंबरात ते धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरलं आणि शेजारच्या निसरपूरच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. ज्यांची घरंदारं त्यात गेली ते लोक ‘क्रूझ’ हा शब्द ऐकून नुसती मान हलवतात. त्यांना मी काही सल्ला देत नाही.)

बाकी अख्ख्या गावाला देतो. कारण मेक्सिकोच्या बंदरात क्रूझमधून उतरलेला कुक्षीतला मी एकमेव माणूस आहे. दोघंचौघं मुंबई-गोवा करून आलेत, पण ते देशांतर्गत. पोह्याच्या गाडीवर माझं वजन एका रात्रीत वाढलं. उभ्या जन्मात शाळेत भूगोल शिकवताना मी फळ्यावर आखातं, उपसागर आणि भूशिरं काढली, तेव्हा या गावानं मला एकदाही काही विचारलं नव्हतं.

“मास्टरसाब, जहाज लागल्यावर लोक खाली उतरतात ना?”

“उतरतात.”

“उतरून काय करतात?”

खरं उत्तर असं की, रांगेत उभे राहतात, बायकोला शोधतात, चप्पल चावते म्हणून कुरकुरतात आणि परत चढतात. पण एवढ्यावर बंदर उभं राहत नाही. म्हणून मग मी पोह्यांवर जादा सेव मागून घेतली आणि सविस्तर सांगायला बसलो.

आमची लेक लॉस एंजेलिसकडे असते. जावई फार गुणी आहेत, त्यामुळे सासू-सासऱ्यांना आठवडाभर घरात सांभाळण्यापेक्षा जहाजावर ठेवणं सोपं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. त्यांनीच मला समजावून सांगितलं की अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं उचलून नुसती अमेरिकेतच फिरवून आणलेली चालत नाहीत, मध्ये कुठंतरी परदेशाला पाय लावावा लागतो. आणि ही बहुतेक सगळी जहाजं पनामा नाहीतर बहामाचे झेंडे लावून हिंडतात. म्हणजे आमच्या ट्रकवर नागालँडची पाटी असते तसलाच प्रकार. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आमचं परदेश होतं पुएर्तो वायार्ता. आदल्या रात्री जहाजाच्या नाट्यगृहात एका हसऱ्या तरुणानं उद्या गावात काय काय करता येईल याचं व्याख्यान दिलं. डॉल्फिनबरोबर पोहणं, बोटीतून देवमासे बघणं, जंगलात या झाडावरून त्या झाडावर तारेला लटकून घसरणं. प्रत्येकाच्या पुढे डॉलर. आमच्या हिच्या डोक्यात डॉलरचे रुपये करणारं यंत्र देवानंच बसवून पाठवलंय.

“अहो, झाडाला लटकायचे आठ हजार?”

“दोरी असते, हेल्मेट असतं...”

“आठ हजारांत आपल्याकडे झाड घरी आणून देतात.”

शेवटी लेक, जावई आणि नातू देवमासे बघायला जाणार आणि आम्ही दोघं आपलं पायी गाव बघणार, असं ठरलं. जावईबापूंनी मला एकच गोष्ट दहा वेळा बजावली. “बाबा, गावाचं घड्याळ जहाजाच्या दोन तास पुढे आहे. तुम्ही फक्त जहाजाचं घड्याळ पाळा. साडेतीनच्या आत चढायचं. जहाज कुणासाठी थांबत नाही.” मी मान डोलावली. पण माझा फोन जमिनीची रेंज मिळताच मला न विचारता मेक्सिकोचा झाला. हिच्या मनगटावर तर पहिल्यापासून कुक्षीची वेळ होती, कारण दूधवाला येऊन गेला की नाही हे तिला जगात कुठंही असलं तरी कळावं लागतं. सकाळी जहाजाचे आठ वाजले आणि आम्ही उतरायला निघालो, तेव्हा माझ्या फोनमध्ये दहा होते आणि हिच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ. एवढ्या रात्री परक्या गावात उतरायला ती नाखूशच होती.

आता कुत्र्याचं सांगतो. जहाजावरून खाण्याचे पदार्थ खाली न्यायची मनाई असते. फळ नाही, भाजी नाही, काही नाही. तसा फलक दारातच लावला होता, आणि फलक वाचायचे असतात ते दुसऱ्यांनी, असं हिचं मत आहे. धक्क्यावर एक शिपाई पट्ट्याला बांधलेलं तांबूस कुत्रं घेऊन उभा होता. कुत्रं अतिशय सभ्य. येणाऱ्या प्रत्येक पिशवीला शिष्टाचार म्हणून एकदा नाक लावायचं आणि पुढे जायचं. हिच्या पिशवीला त्यानं नाक लावलं, थबकलं, पुन्हा लावलं, आणि मग त्याला जी शिंक आली ती काही केल्या थांबेना. शिपायानं पिशवी उघडायला लावली. आतून रुमालात बांधलेली स्टीलची डबी निघाली. त्यानं झाकण काढलं. लालभडक. निमाडी मिरचीचं तिखट.

“व्हॉट इज?” त्यानं डोळे बारीक करून विचारलं.

“चिली,” मी म्हणालो. “पावडर.”

“चिली.” त्यानं डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या अख्ख्या मेक्सिकोकडे एकदा हात फिरवला. “चिली? टू मेक्सिको?”

मिरची मुळात त्यांची. तिथं ती हजारो वर्षं पिकते आहे. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली सोळाव्या शतकात, म्हणजे आमच्या हिनं पाचेकशे वर्षांनी प्रामाणिकपणे माल परत नेला होता. पण शिपायाला इतिहासात रस नव्हता. त्यानं आपल्या दोन सहकाऱ्यांना हाक मारली, तिघंही डबीभोवती जमून हसले आणि तिखट जप्त झालं. ही मात्र पुढे दिवसभर एकच म्हणत होती, “त्यांना आवडलं हो. बघा, आज रात्री घरी नेऊन वापरणार.”

बंदराच्या दारातून बाहेर पडलं की समोर पहिलं काय दिसतं? वॉलमार्ट. लॉस एंजेलिसमध्ये लेकीच्या घराशेजारी आहे तसलंच. जहाजातून उतरलेली निम्मी अमेरिका रस्ता ओलांडून तडक त्यात शिरली. इतके डॉलर मोजून परक्या देशात यायचं आणि घरच्याच दुकानात जायचं, याला मी नावं ठेवणार होतो, पण ही केव्हाच आत गेली होती. पाऊण तासानं पांढऱ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं घेऊन बाहेर आली. कपडे वाळत घालायला. जहाजाच्या बाल्कनीत.

पोह्याच्या गाडीवर हा भाग सांगितला, तेव्हा किराणावाल्या शेठजींनी वहीच काढली. “म्हणजे धक्क्यासमोर किराणा पाहिजे. दोरी ठेवायची. आणखी काय?”

गावाचं म्हणाल तर १९६३ पर्यंत ते साधं कोळ्या-शेतकऱ्यांचं किनाऱ्यावरचं गाव होतं. मग जॉन ह्यूस्टन नावाचा दिग्दर्शक शेजारच्या मिस्मालोयाला ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या सिनेमाचं चित्रीकरण करायला आला. सिनेमात रिचर्ड बर्टन होता. एलिझाबेथ टेलर सिनेमात नव्हती, पण बर्टनबरोबर गावात होती, आणि तेव्हा दोघांचीही लग्नं भलतीकडे झालेली. झालं! जगातले वार्ताहर धावले. लफडं छापून आलं आणि लफड्याच्या मागं समुद्र, डोंगर, नारळीची झाडं छापून आली. १९७० मध्ये विमानतळ झाला, त्याच वर्षी निक्सनसाहेब मेक्सिकोच्या अध्यक्षांना तिथंच येऊन भेटले, आणि १९७७ पासून ‘लव्ह बोट’ नावाच्या मालिकेनं अमेरिकेच्या घराघरांत त्या बंदराची जाहिरात केली. हे ऐकून गाडीवर शांतता पसरली. कुक्षीत असं जगप्रसिद्ध होण्याजोगं काय काय चालू आहे, याचा प्रत्येक जण मनातल्या मनात आढावा घेत होता.

समुद्राकाठी तिथं एक लांबलचक फरसबंद रस्ता आहे, त्याला मालेकॉन म्हणतात. त्यावर जागोजाग पुतळे. एक उघडा पोरगा समुद्रघोड्यावर बसलाय, तो सगळ्यात प्रसिद्ध, त्याच्यापाशी फोटोसाठी रांग. पुढे एक उंचच उंच खांब होता आणि भोवती गर्दी. पाच माणसं वर चढली, एक वर बासरी वाजवत बसला आणि चौघांनी कमरेला दोर बांधून, डोकं खाली, हात पसरून, गोल गोल फिरत जमिनीपर्यंत उतरायला सुरुवात केली. अंगावर काटा येणारा प्रकार. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलंय. शेजारची अमेरिकन बाई तोंडावर हात ठेवून उभी होती.

“गळ आहे हा,” ही म्हणाली. “होळीनंतर आपल्याकडे असतोच की. नवस फेडायला वर टांगून फिरवतात. चला.”

आम्ही चाललो. कोपऱ्यावर एक म्हातारी पातेल्यातून वाफाळणारे तामाले काढून देत होती. मक्याच्या पिठाचा गोळा मक्याच्याच सालात गुंडाळून उकडलेला. हिनं एक साल सोडलं, वास घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच तिला फसवलंय.

“हे पानिये आहेत.”

“तसे नाहीत गं. आपले पळसाच्या पानांत असतात, गोवऱ्यांवर भाजतात...”

“डाळ कुठाय?”

डाळ नव्हती. मका मूळचा मेक्सिकोचा, तिथूनच तो जगभर गेला, हे मी सांगायला लागलो. तिचं म्हणणं, गेला असेल, पण डाळीबरोबर खायचं त्यांना अजून कळलं नाही. मग तिनं त्या म्हातारीला मराठीत, हातवारे करून, तुरीच्या डाळीची कृती सांगितली. म्हातारीनं स्पॅनिशमध्ये, हातवारे करून, काहीतरी कृती उलट सांगितली. दोघी अर्धा तास बोलत होत्या. मध्ये एकदा दोघी माझ्याकडे बघून हसल्या. तेवढ्या वेळात मी शेजारच्या दुकानात एका टोपीवाल्यानं पुढे केलेला टकीलाचा टीचभर पेला ‘चव बघण्यापुरता’ घेतला. टकीलाचा अगाव्ह पिकायला सहा-सात वर्षं लागतात, मग त्याचा कंद भाजतात, दळतात, आंबवतात, असं तो रंगवून सांगत होता. आमच्याकडे पहाटे ताडावर चढून मडकं उतरवलं की ताडी तयार असते, हे मी त्याला सांगितलं नाही. एवढ्या कष्टानं केलंय, कशाला बिचाऱ्याचा विरस करा!

आणि मग आम्हाला तो पांढऱ्या सदऱ्यातला देखणा माणूस भेटला.

“फ्री ब्रेकफास्ट, सेन्योरा?”

जगातल्या कुठल्याही भाषेतला ‘फ्री’ आमच्या हिला समजतो. फक्त नव्वद मिनिटं एका हॉटेलची माहिती ऐकायची, वर टॅक्सी मोफत. जावईबापूंनी बजावलेल्या दहा गोष्टींत हे बसत नव्हतं, कारण त्यांनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती.

“व्हेअर फ्रॉम? मुंबई? दिल्ली?”

“कुक्षी,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तो उजळला. “आह, कुक्षी! ब्यूटिफुल!”

कुक्षीला ब्यूटिफुल म्हणणारा माणूस मला आमच्या आमदारकीच्या निवडणुकीतसुद्धा भेटलेला नाही. आम्ही टॅक्सीत बसलो.

नाश्त्याला पपई होती. अंडी वगैरेही होती, पण ती हिला चालत नाहीत. पपई खात असताना समोर एक टाय लावलेला गृहस्थ कागद-पेन घेऊन बसला आणि टाइमशेअर समजावू लागला. हॉटेलची एक खोली कायमची विकत घ्यायची आणि वर्षातून एक आठवडा तिथं राहायचं. उरलेले एकावन्न आठवडे दुसरे राहणार, ते आपण मनात आणायचं नाही. गंमत बघण्यासारखी होती ती त्याच्या लिहिण्याची. तो आकडे उलटे लिहायचा, म्हणजे आम्हाला समोरून सुलटे दिसतील असे. सात काढताना जीभ किंचित बाहेर यायची. पहिला आकडा बघून मी पपई खाली ठेवली. ही काही बोलली नाही. त्यानं आकडा खोडला, खाली लहान आकडा लिहिला. ही काही बोलली नाही. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानांत जी बाई घडली, तिच्या गप्प बसण्याला काय धार असते, हे त्या गरिबाला कुठून माहीत? तो घामाघूम होऊन आत गेला आणि ‘मॅनेजर’ला घेऊन आला. मॅनेजरनं येताच आकडा निम्मा केला. ही खिडकीतून समुद्राकडे बघत होती.

“सेन्योरा,” मॅनेजर कळवळून म्हणाला, “दुसरं घर असावं असं तुम्हाला कधी वाटत नाही?”

या बाबतीत खरं तर आमचा अनुभव दांडगा आहे. धारच्या पवारांबरोबर एका मोहिमेपुरते म्हणून माळव्यात आलेले आमचे पूर्वज अजून परत गेलेले नाहीत. पण मी काही बोलायच्या आत हिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. त्याच कागदावर नर्मदा काढली. मग कुक्षी. मग बडवानीकडे जाणारा रस्ता. रस्त्याच्या कडेला एक चौकोन.

“हा आमचा प्लॉट,” तिनं मला भाषांतर करायला लावलं. “विकायचा आहे. पूर्वाभिमुख. विहीर आहे. शेजारून रेल्वे जाणार.”

मॅनेजर पुढे झुकला. “रेल्वे कधी?”

“पाया घातलाय म्हणावं.”

सांगायला आनंद वाटतो की मॅनेजरनं त्या नकाशाचा फोटो काढून घेतला. टायवाल्यानं पाण्याची सोय विचारली. हिनं किंमत सांगितली, ती खोडली, खाली दुसरी लिहिली, तीही उलटी, त्यांना सुलटी दिसेल अशी. अर्ध्या तासात शिकली होती.

या व्यवहारात माझं सहज फोनकडे लक्ष गेलं. साडेतीन! मी किंचाळलोच. टॅक्सी, रस्ता, दार, धक्का. मी पुढे, मागे ही, तिच्या हातातलं दोरीचं भेंडोळं सुटलेलं आणि दोरी मागे पळते आहे. जहाजाच्या वरच्या डेकवरून टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा कडकडाट. उशिरा येणाऱ्यांना पळताना बघायला लोक डेकवर मुद्दाम जमतात, हे ऐकून होतो. वर चढलो, कार्ड दाखवलं, धापा टाकत शिपायाला ‘सॉरी’ म्हणालो. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. जहाजाचे दीड वाजले होते. दोन तास हातात. डेकवरच्या टाळ्याही आमच्यासाठी नव्हत्या. तिथं पोहण्याच्या तलावात पोटावर धप्पकन पडायची स्पर्धा चालू होती आणि एका प्रचंड पोटाच्या गृहस्थांनी निम्मं पाणी बाहेर काढलं होतं.

“दोन तास आहेत?” ही दम खात म्हणाली. “मग सौदा अर्धवट का टाकून आलो?”

असं सगळं. हे ऐकून कुक्षीत बंदराच्या कामाला गती आली आहे, म्हणजे पोह्याच्या गाडीवर. मेक्सिकोनं २०२५ मध्ये क्रूझच्या दर प्रवाशामागे पाच डॉलर कर लावला, असं मी सांगितलं, तेव्हा नगर परिषदेत उठबस असलेले एक गृहस्थ खुर्ची सरकवून जवळ आले आणि ‘पाच म्हणजे आजच्या भावानं किती’ एवढंच विचारून निघून गेले. मग उतरलेल्या लोकांना दाखवायचं काय, यावर चर्चा झाली. बाघची लेणी दाखवावी, हे एकमतानं ठरलं. पण लेण्यांतली चित्रं काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात ठेवली आहेत, हे मी लक्षात आणून दिलं. मग बाघ प्रिंटच्या चादरी. मग कुणीतरी पाडल्याची अंडी काढली. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या शेताचे राखणदार म्हणून पुजलेले गोल गोल दगड तपासले, तर ती डायनासोरची अंडी निघाली होती.

“अंडी दाखवू,” शेठजी म्हणाले.

“उकडून?” पोहेवाल्यानं विचारलं.

नाश्त्याच्या बाबतीत हिचा निरोप मी पोचवला. धक्क्यावर पोहे-जलेबी फुकट ठेवायची आणि नव्वद मिनिटं बसवून माहिती द्यायची. विकायचं काय ते नंतर बघू. पोहेवाल्याला योजना पसंत पडली नाही. परदेशी माणूस नव्वद मिनिटं बसेल, पण बातमी गावात फुटली तर आपले लोक दुसऱ्या दिवशीपर्यंत उठणार नाहीत, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता.

पण सगळ्यात खोलवर विचार केला तो बस स्टँडवरच्या एजंटानं. तो इतका वेळ बिडी ओढत नुसता ऐकत होता.

“मास्टरसाब, जहाज सुटतं कधी?”

“ठरल्या वेळेला.”

“भरलं नाही तरी?”

“भरलं नाही तरी.”

त्यानं इतरांकडे करुणेनं पाहिलं. “असा धंदा होत नाही. आपल्याकडे भरेल तेव्हा सुटेल. माणूस लांबून हात करतोय आणि जहाज निघून जातंय, असं कसं चालेल? आलीराजपूरच्या बाजाराच्या दिवशी तर मध्ये चार ठिकाणी थांबावं लागेल.” त्यानं बिडी विझवली. “अन् वर छतावर काय असतं?”

“पोहण्याचा तलाव.”

“भरलेला?”

“भरलेला.”

तो बराच वेळ विचारात पडला. “म्हणजे बकऱ्या खालीच घ्याव्या लागणार.”